बेलसरी हॉल्टचं फडकं

संपादक साहेब, तुमच्या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि खरं सांगू का, नेमाने हसतोही. पांढऱ्या साडीतली बाई, उलटे पाय, रात्रीचा घाट... अहो, आमच्या वर्धा जिल्ह्यात घाटच नाही तर भुतांनी उभं राहायचं कुठे? मी आयुष्यभर वर्ध्याच्या डेपोत एस.टी.चा मेकॅनिक होतो. गाडी बंद पडली की ड्रायव्हर म्हणायचा, "काही तरी बाहेरचं दिसते बाप्पा, लिंबू बांधा." मी बॉनेट उघडायचो, आतलंच निघायचं. डिझेलमध्ये पाणी, नाही तर फॅनबेल्ट तुटलेला. लिंबू मी सरबतात पिळलं, गाडीला कधी बांधलं नाही.

तरीही हे लिहितोय. माझ्याकडच्या या एका गोष्टीचं बॉनेट मला अजून उघडता आलेलं नाही. आणि घरात आता असं कोणी उरलं नाही, की ज्याच्यापासून ही लपवून ठेवावी.

आमचं गाव बेलसरी. पुलगाव ते आर्वी ही जी छोटी गाडी होती, त्या रुळाच्या काठचं. शोधायला जाऊ नका, आता रूळच उरले नाहीत. माझ्या लहानपणी मात्र गावाला स्वतःचं स्टेशन होतं. स्टेशन कसलं... एक टिनाचं शेड, एक कडुलिंब, एक विहीर आणि लोखंडी खांबांवर पिवळी पाटी : बेलसरी. मास्तर नाही, सिग्नल नाही. तिकीट गाडीतला गार्ड फाडायचा. विहिरीचं पाणी इतकं गोड, की गाडी थांबली म्हणजे ड्रायव्हर लोक सुराही भरायला उतरत आणि गाडी खुशाल उभी राही. कोणी ओरडत नसे. ओरडून ती पळणार थोडीच होती?

हे स्टेशन कापसासाठी झालं असं म्हातारे सांगत. इंग्रजाच्या काळात इथून गाठोडी पुलगावला जायची. पुढे कापूस बैलबंडीनं आणि मग ट्रकनं जायला लागला आणि स्टेशन राहिलं ते फक्त माणसांचं. त्यातही बायकांचं जास्त. आमच्या गावच्या पोरी याच लाइनीवरच्या गावांत दिलेल्या. लग्न होऊन जायच्या त्या गाडीनं, यायच्याही गाडीनं.

आता यातली एक रीत नीट सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे.

गाडी बेलसरीला आपणहून थांबत नसे, थांबवावी लागे. चढणाऱ्यानं हात दाखवायचा. पण माहेरवाशीण येणार असेल तर घरचं फडकं लागायचं. प्रत्येक घराचं फडकं ठरलेलं. कोणाचं लाल, कोणाचं पिवळं ठिपक्यांचं. गाडी वळणावर आली की खिडकीतल्या पोरीला लांबूनच आपल्या घरचं फडकं दिसावं, कोणीतरी न्यायला आलंय हे कळावं. ड्रायव्हरलाही कळायचं, तो वळणावरच वेग कमी करायचा. बाप किंवा भाऊ न्यायला आला तर तो फडकं दोन्ही हातांत धरून डोक्यावर उभं करायचा. बाई आली तर ती धरत नसे. गाडीभर परके पुरुष, त्यांच्यापुढे फडकं हलवत कशी उभी राहणार? ती पाटीच्या खांबाला बांधून लिंबाखाली जाऊन बसायची. म्हणजे हातात धरलेलं फडकं बापाचं-भावाचं आणि बांधलेलं फडकं मायचं, वहिनीचं. पोरींना हे खिडकीतूनच समजायचं. बांधलेलं दिसलं की अर्ध्या पोरी तिथूनच रडायला लागायच्या.

आमच्या घरचं फडकं हिरवं, तांबड्या काठाचं, मायच्या जुन्या लुगड्यातून फाडलेलं. आत्या यायची तेव्हा माय ते बांधायला जायची आणि माझी मोठी बहीण कुसुमताई तिच्या बोटाला धरून. एकदा इंजिनातली ठिणगी उडून त्याच्या कोपऱ्याला भोक पडलं. ताई तेव्हा परकरात होती. तिनं हट्टानं ते स्वतः शिवलं. हिरवा धागा घरात नव्हता, म्हणून काळ्यानं. मुंग्यांची रांग वाट चुकल्यासारखी ती शिवण दिसायची. माय म्हणे, "राहू दे तसंच. तुह्या लग्नानंतर तुलेच ओळखाले कामी येईन."

ते काही कामी आलं नाही. ताईचं लग्न झालं तेव्हा तिच्यासाठी फडकं लागणार नाही हेच आधी ठरलं.

ताईनं स्वतःच्या मनानं लग्न केलं. भाऊजी बौद्ध, आर्वीला शाळेत मास्तर. माणूस असा की आवाज चढवून बोललेला मी कधी ऐकला नाही. पण आमचे बाबा म्हणजे सत्तरच्या दशकातला शेतकरी कुणबी, चारचौघांत मान असलेला, आणि त्या चारचौघांना घाबरणारा. त्यांनी ओसरीवर उभं राहून सांगितलं, "गेली तर गेली. या घरचं फडकं तिच्यासाठी लागणार नाई." माय चुलीपाशी होती. त्या दिवशी भाकरी तेवढी करपली.

खरी छळणूक पुढेच होती. भाऊजींचं गाव पुलगावच्या अंगाला. ताई आर्वीला राहायची. म्हणजे सासरी जाता-येता दर वेळी तिची गाडी बेलसरीवरून जायची! सणावाराला माय विहिरीवर पाण्याचं निमित्त काढून स्टेशनात जाऊन बसायची. गाडीत ताई खिडकीशी. गाडी कोणासाठी थांबली तर दोघी एकमेकींकडे पाहायच्या, नाही थांबली तर तेवढंही नाही. फडकं नाही, म्हणून ताई उतरत नसे. तीही बाबांचीच लेक, ताठा कमी नव्हता. मी एकदा चिडून मायला म्हणालो, "लाव ना फडकं! काय करतीन बाबा? खाऊन टाकतीन?" माय म्हणाली, "त्यांच्या तोंडून निघाले पाह्यजे दिल्या. नाई तं ती येईन अन् उंबऱ्यावरून वापस जाईन. मले ते पाह्यलं नाई जाणार."

मग डांबरी रस्ता झाला, एस.टी. सुरू झाली. माझ्या पोटापाण्याची सोय झाली आणि गावाचं स्टेशन गेलं. गाडीला माणसं मिळेनात. अठ्ठ्याहत्तर की एकोणऐंशीला हॉल्ट बंद झाला. गाडी तशीच जायची, थांबायची मात्र नाही. टिन कोणाच्या तरी गोठ्यावर गेलं. खांब तेवढे उभे राहिले, पाटी मात्र पानठेल्यावाल्यानं आणून, उलटी करून तिचं बाकडं बनवलं. गावाच्या नावावर बसून लोक तंबाखूचा खर्रा घोटत. मायला मात्र स्टेशन गेल्याचं जे लागलं, ते लागलंच. "आता तं रस्ताच बंद झाला," एवढंच म्हणायची. मी म्हणायचो, अवं माय, एस.टी. आहे ना. ती माझ्याकडे असं पाहायची, जणू मी काही तरी येड्यासारखं बोललो.

पुढच्याच वर्षी थंडीत ती गेली. छातीत कफ झाला होता. शेवटी शेवटी तिला सारखी गाडी ऐकू यायची. "थांबली का रे?" विचारायची. मी नाही म्हणायचो. खोटं बोलायला पाहिजे होतं का, मला अजून कळत नाही.

तिला नेताना बाबांनी पेटी उघडली, हिरवं फडकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. "हे बी ठेव तिच्यासंग. आता कोणासाठी लावाचं हाय." आत्या आधीच वारली होती. मी माझ्या हातानं ते मायच्या अंगावर ठेवलं, छातीवर, काळ्या शिवणीचा कोपरा वर. त्यावर लाकडं रचली आणि अग्नी मीच दिला. हे लक्षात ठेवा, कारण यात माझी चूक होण्याची काही एक शक्यता नाही. ताईला निरोप बाबांनी उशिरा पाठवू दिला. ती आली नाही. कशाला येईल?

आता तो दिवस. मायला जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मे महिना, आमच्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. मी सुट्टी काढून गावी गेलो होतो, पावसाळ्याआधी छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरायचे होते म्हणून. माझं लग्न झालं नव्हतं तेव्हा, घरात आम्ही दोघं बाप-लेकच. सकाळपासून बाबा छपरावर आणि मी शिडीवर. मी खालून कवेलू द्यायचो, ते वर लावायचे. पाण्याशिवाय ते खाली उतरले नाहीत, मी अंगणाबाहेर गेलो नाही.

दुपारची गाडी आली. पुलगावकडून वळणावर शिट्टी झाली, नेहमीसारखी. मग चाकांचा आवाज मंद झाला... आणि बंद झाला. फक्त इंजिनाचा श्वास ऐकू येत होता.

बाबा कवेलू हातात धरून तसेच राहिले. "थांबली," म्हणाले.

"ढोर आलं असन रुळावर," मी म्हणालो.

मग एक शिट्टी, आणि गाडी गेली. बाबा वर उभे होते, त्यांना रुळापर्यंतचं रान दिसत होतं. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून वावरं मोकळी झालेली. बराच वेळ ते एकाच दिशेनं पाहत राहिले. मी दोनदा कवेलू पुढे केलं, त्यांनी घेतलं नाही.

"बाबा, काय झालं?"

"शिडी धर," ते म्हणाले. आमचे बाबा छपरावर मांजरासारखे चालायचे हो, पण त्या दिवशी मी एकेक पाय धरून पायरीवर ठेवला.

ते खाली टेकले आणि फाटकातून कुसुमताई आत आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात हिरवं फडकं. तांबड्या काठाचं.

मी फडक्याकडे पाहत होतो. कोपऱ्याला काळी शिवण, वाट चुकलेल्या मुंग्यांची. माझ्या काखेतलं कवेलू कधी पडलं मला माहीत नाही. फुटलेलं मागाहून पाहिलं.

बाबा शिडीला धरून उभे, अंगभर धूळ, तोंडावर काय होतं ते मला सांगता येत नाही. तेव्हा ताईच म्हणाली, "बाबा, तुम्ही फडकं लावलं ना... म्हणून उतरली मी."

बाबांनी फडक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही ठाऊक होतं की ते मायबरोबर गेलं. मला वाटलं, आता हा माणूस म्हणेल, मी नाही लावलं, चालती हो. जन्मभर तेच तर म्हणत आला होता.

"हो," बाबा म्हणाले. "मीच लावलं. लय ऊन हाय पोरी, आत ये." आणि मग माझ्यावर खेकसले, "पाहून काय राह्यला बे? पाणी आण तिले!"

मी पाणी आणायला गेलो, तेव्हा आत माठापाशी मी रडलो. ते पाणी ताईला द्यायला माझ्या हातातून बाबांनी घेतलं.

संध्याकाळी ताई चुलीपाशी बसली, मायच्या जागेवर. बाबांनी मला गोठ्यात बोलावलं. हळूच म्हणाले, "तू ठेवलतं ना रे तिच्या अंगावर?"

"तुमच्यासमोर ठेवलं बाबा."

"मंग हे?"

"मले काय मालूम."

ते बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तिले सांगजो नको. मी लावलं असंच राहू दे." थोड्या वेळानं, मला नाही, बैलाला सांगितल्यासारखं, "लावाले पाह्यजे होतं मीच. आधीच लावाले पाह्यजे होतं."

मी मेकॅनिक माणूस, स्वस्थ कसा बसणार? दुसऱ्या दिवशी गावातल्या एकेका बाईला विचारलं. कोणी लावलं नव्हतं, कोणाला दिसलंही नव्हतं. लुगड्याचा दुसरा तुकडा असेल म्हणावं, तर ताईची शिवण दुसऱ्या तुकड्यावर कशी येणार? पुढे पुलगावला कामाला गेलो तेव्हा गाडीचा ड्रायव्हर गाठला. म्हातारा माणूस, या लाइनीवर जन्म गेलेला. मी विचारलं, बंद हॉल्टवर गाडी का थांबवली? तो बिडी विझवून म्हणाला, "कपड़ा बंधा था खंभे को. किसी की बेटी होगी गाड़ी में, रोक दी. पुरानी आदत है भैया, हाथ अपने आप ब्रेक पे जाता है." बाई दिसली का कोणी आजूबाजूला? "औरत नहीं देखी. सिर्फ कपड़ा."

त्यानंतर मात्र एक गंमत झाली. ताई यायची असली की बाबा ते फडकं घेऊन उजाड स्टेशनात जाऊन उभे राहत. कडुलिंबाच्या सावलीत नाही, भर उन्हात. वळणावर शिट्टी झाली की दोन्ही हातांनी फडकं डोक्यावर. तो म्हातारा ड्रायव्हर रिटायर होईपर्यंत गाडी बंद हॉल्टवर थांबवत राहिला, कागदोपत्री ती कधीच थांबली नाही. ताई उतरायची, मागून भाऊजी, मग पोरं. पहिल्यांदा भाऊजी आले तेव्हा बाबांनी चारचौघांसमोर, पानठेल्याच्या त्या उलट्या पाटीवरच, त्यांना शेजारी बसवून घेतलं. "हे आमचे जवाई," म्हणाले. चारचौघांपैकी दोघं उठून गेले. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाबा ऐंशीचं दशक संपता संपता गेले. ताईला त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही, मीही नाही. मला वाटायचं, बरं आहे. बापानं बोलावलं असं समजून बिचारी सुखात आहे.

गेल्या दिवाळीत ताईचा फोन आला. भाऊजी आता नाहीत, ती पोराकडे राहते. बोलता बोलता बेलसरीचा विषय निघाला आणि का कोण जाणे, मला राहवलं नाही. म्हटलं, ताई, एक गोष्ट सांगतो, रागावू नको. त्या दिवशी बाबांनी फडकं लावलं नव्हतं.

ताई हसली. "मले काय मालूम नव्हतं का रे येड्या?"

"म्हणजे?"

"ते बांधलेलं होतं दिल्या. खांबाले. बाबा कधी बांधतीन का? माणूस हातात धरते. बांधलेलं फडकं बाईचं... अन् आपल्या घरात तवा बाई होती का कोणी?"

ताईला हे खिडकीतूनच कळलं असणार, इतक्या वर्षांत एवढी साधी गोष्ट, रीत पाठ असून माझ्या डोक्यात आली नव्हती. मी विचारलं, "मंग तू उतरली कशी? भेव नाई वाटला?"

"कायचा भेव? मायनं बोलावलं, उतरली. गाडीतच रडाले लागली होती मी."

"अन् मंग बाबाले काऊन म्हटलं, तुम्ही लावलं म्हणून?"

ती म्हणाली, "शिडी धरून उभे होते रे ते. त्यांच्या तोंडाकडं पाह्यलं मी. त्यांले 'ये' म्हणाचं होतं अन् म्हणता येत नव्हतं. मायनं मले बोलावलं, पण घरात तं त्यांनीच घ्याचं होतं ना? मी म्हटलं, तुम्हीच लावलं. तेवढंच पुरे झालं त्यांले."

बापानं लेकीपासून लपवलं आणि लेकीनं बापापासून, आणि मधल्या मध्ये मी शहाणा, सगळं मलाच माहीत आहे म्हणून.

फडकं माझ्याकडे आहे, वर्ध्याच्या घरात, कपाटात. साधं सुती फडकं आहे. जळल्याची खूण नाही, वास नाही, काही नाही. वायरिंगचा जोड तपासावा तशी ती काळी शिवण मी चष्मा लावून पाहिली आहे. ताईच्या हातचीच आहे. जे मी माझ्या हातानं चितेवर ठेवलं ते इथे कसं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्या वाचकांपैकी कोणाकडे असेल तर ऐकायला आवडेल, फक्त लिंबू-मिरची सांगू नका.

पुढच्या आठवड्यात ताई माझ्याकडे येते आहे. गुडघे गेलेत तिचे, बसस्टँडवरून ऑटोनं येईल. बायको म्हणाली, "फडकं काढून ठेवलं ना, फाटकाले बांधून देऊ का?" मी नको म्हटलं. मी भाऊ आहे. ऑटो कोपऱ्यावर वळेल तेव्हा मी रस्त्यात उभा राहणार आहे, दोन्ही हातांत धरून.

बांधायचं ते मायनं बांधून झालं.